न पाहिलेली लिफ्ट

माझे मामा लिफ्टचे मेकॅनिक होते. चौतीस वर्षं एकाच कंपनीत काढली त्यांनी. शहरातल्या निम्म्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखू यायच्या. कोणाकडे पाहुणे म्हणून गेलो, तरी लिफ्टमध्ये शिरल्यावर ते गप्प व्हायचे, कान द्यायचे, आणि वर पोचल्यावर यजमानांची ख्यालीखुशाली विचारायच्या आधी सांगायचे की तुमच्या ब्रेकला तेल लागलंय, उद्याच्या उद्या कोणाला तरी बोलवा. बहुतेक वेळा ते बरोबर असत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते एखाद्या अडाण्याच्या हातून झालं असतं तर इतकं लागलं नसतं.

निवृत्त झाले तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. मशीनची खोली कायम गच्चीवर, आणि लिफ्ट बिघडलेली म्हणूनच तर मेकॅनिकला बोलावलेलं. त्यामुळे आयुष्यभर लोकांच्या लिफ्टसाठी स्वतः जिने चढले. आता दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. मामी कपडे शिवायची, तिच्याकडे बायकांची ये-जा असायची. मामांना मात्र कोणी काही विचारायला येत नव्हतं. मी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याच्या दुकानात काम करते. माझं दुकान दुपारी दोन तास बंद असतं, तेव्हा मी जेवायला त्यांच्याकडेच जायची. त्यांचं ते गप्प बसणं बघवेना, म्हणून मीच त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि एका चर्चेच्या साइटवर खातं उघडून दिलं. नाव काय ठेवू, विचारलं. ते म्हणाले, जे खरं आहे ते ठेव. मी लिहिलं, ‘चौतीस वर्षं लिफ्टमध्ये’.

पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यांना लिहिलं, "काका, आता बाहेर या." मामा इतके हसले की मामीने मशीन थांबवून पाहिलं.

मग त्यांना चटकच लागली. घडी घालता येणारा फोन बाजारात आला, त्याखाली यांनी लिहिलं की घडी घालायला तो काय रुमाल आहे? एका मालिकेची नायिका तीन भाग जिनाच उतरत होती, तर यांनी निर्मात्यांना त्या घरात लिफ्ट बसवून द्यायची तयारी दाखवली. बातम्या देणाऱ्या एका ओरडणाऱ्या माणसाबद्दल लिहिलं, याच्याकडे बातमी नाही, घसा आहे. यंत्रांना आता अक्कल येणार म्हणून लोक वाद घालत होते, त्यात यांनी टाकलं की आमच्या लिफ्टला तिसरा मजला कुठे संपतो ते कळायला दोन वर्षं लागली, तेव्हा घाई करू नका. न पाहिलेल्या सिनेमांवर तर ते जास्तच रंगात येऊन लिहायचे. जाहिरातीतच सगळा सिनेमा कळतो, उगाच तीन तास कशाला घालवायचे, असं त्यांचं म्हणणं. लोकांना ते आवडायचे. कोणी नवीन काही टाकलं की खाली कोणीतरी विचारायचंच, ‘लिफ्टवाले काका काय म्हणतात?’

मामी एकदा दोरा ओवता ओवता म्हणाली, "पूर्वी उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणायचे. आता उचललं बोट, लावलं काचेला." मामांनी ते वाक्यसुद्धा तिथे लिहून टाकलं. त्यालाही दोनशे लोकांनी पसंती दिली.

त्या दुपारी मी तिथेच होते. आमचं जेवण झालं होतं. साइटवर बातमी आली की शहराच्या दुसऱ्या टोकाला, दवाखाने असलेल्या एका सात मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर एका निवृत्त शिक्षिकेने लिफ्टचं दार उघडलं आणि आत पाय टाकला. लिफ्ट तिथे नव्हतीच. त्या दातांच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या. खाली पडून जागीच गेल्या. बातमीसोबत एकच फोटो होता: उघडं दार, आत अंधार, आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून लोंबणारी एक लाल वायर.

मामांनी फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला. मग चष्मा कपाळावर चढवून टाइप करायला लागले. चार मिनिटं लागली असतील. त्यांनी लिहिलेलं मला पाठ आहे. "हा अपघात नाही, हा आळस आहे. दार उघडं असताना लिफ्ट चालवून बघायची असली की मेकॅनिक दाराच्या लॉकला वायरचा तुकडा जोडतो. काम झालं की तो तुकडा काढायचा असतो, नाहीतर दार नीट लागलेलं नसतानाही लिफ्ट निघून जाते. याने काढला नाही, फोटोत दिसतोय. माझ्या हाताखाली असता तर त्याच दिवशी हाकलला असता. बाईंचा जीव या माणसाने घेतला."

मला वाचून दाखवलं. मला पटलं. मी माझ्या फोनवरून त्याला पसंतीचा अंगठा दिला आणि दुकानात परत गेले. पहिला अंगठा माझाच होता.

संध्याकाळपर्यंत हजार झाले. दुसऱ्या दिवशी नऊ हजार. एका बातम्यांच्या साइटने ‘चौतीस वर्षांचा अनुभव असलेले जाणकार सांगतात’ असं म्हणून सगळा मजकूर छापला. फोटोतल्या वायरीभोवती लाल गोल काढून ते चित्र फिरायला लागलं. माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाने नंबर तपासून घेता घेता मला तेच चित्र दाखवलं आणि समजावून सांगितलं की लॉक कसं असतं, तुकडा कसा जोडतात. मी त्याला सांगितलं, हे लिहिणारे माझे मामा. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू? मामाही खुशीत होते. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. कुठे जायचं नव्हतं तरी.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिकला अटक झाली आणि टीव्हीवर त्याचा चेहरा दाखवला. मामी सुईत दोरा घालत होती. ती उठून टीव्हीजवळ गेली आणि म्हणाली, "अहो, हे बघा. हा आपला पान्या आहे."

पान्या मामांच्या हाताखाली अकरा वर्षं होता. खिशात कायम पाना, म्हणून ते नाव पडलेलं. लग्नाच्या फोटोतही त्याचा खिसा फुगलेला दिसतो. मामांना तो दादा म्हणायचा. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या भागातल्या सगळ्या इमारती कंपनीने पान्याकडे दिल्या, आणि गुडघे दुखतात म्हणून सुरुवातीची दोन वर्षं तोच दर रविवारी येऊन मामांना दवाखान्यात नेत असे. पुढे त्याच्याकडे इमारती वाढल्या, येणं कमी झालं. मामांनीही कधी फोन केला नव्हता.

मामांनी आधी टीव्ही बंद केला. मग फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ते काढून टाक. मी काढलं. त्याचा काही उपयोग नव्हता. चित्र आता हजारो फोनवर होतं.

चौथ्या दिवशी ते पान्याच्या घरी गेले. मी सोबत होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मामा प्रत्येक वळणावर थांबत होते. पान्याच्या बायकोने दार अर्धवट उघडलं, आणि मामांना पाहून पूर्ण उघडलं. घरात शेगडीवर काही नव्हतं. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, ती दोन दिवस कॉलेजला गेली नव्हती. वर्गाच्या फोनवरच्या गटात ते चित्र आलं होतं, त्या लाल गोलासकट. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती.

पान्याच्या बायकोने मामांना पाणी दिलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"दादा, तुम्ही त्यांना काम शिकवलंत," ती म्हणाली. "कोणीतरी जाणकार म्हणून लिहिलंय, सगळे त्याचंच धरून बसलेत. पोलिसांनीसुद्धा यांना तेच विचारलं, तुकडा का काढला नाहीस म्हणून. तुम्ही त्याच्याहून जाणकार आहात. तुम्ही लिहा ना काहीतरी."

मामांनी पेला खाली ठेवला. ते म्हणाले, "लिहितो." एवढंच. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. जिना उतरताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

त्या दिवशी त्यांनी पुन्हा लिहिलं. या वेळी चार मिनिटं नाही, पूर्ण दुपार लागली. त्यांनी लिहिलं की आधीचं मत मीच दिलं होतं, मी ती लिफ्ट पाहिलेली नाही, एका फोटोवरून बोललो. ती वायर कशाची आहे हे मला माहीत नाही. हा मेकॅनिक माझ्याकडे शिकलाय, अकरा वर्षांत त्याने एकदाही तुकडा विसरलेला मी पाहिलेला नाही. चौकशी होईपर्यंत कोणी काही बोलू नये.

त्याला अकरा जणांनी पसंती दिली. खाली उत्तरं मात्र पुष्कळ आली. कोणी विचारलं, काका, किती मिळाले? कोणी लिहिलं, कंपनीचा फोन आला वाटतं. एकाने लिहिलं, "अनोळखी होता तेव्हा खरं बोललात, ओळखीचा निघाल्यावर खोटं." ते उत्तर मामांनी मला तीनदा वाचायला लावलं.

मग ते चौकशी अधिकाऱ्याकडे गेले. कोणी बोलावलं नव्हतं. ऑफिसच्या बाकावर आम्ही दोघं दोन तास बसून राहिलो. अधिकारी बाई सज्जन होत्या, त्यांनी खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं. मामांनी छापलेला कागद पुढे केला आणि सांगितलं की हे मी लिहिलंय आणि हे मला मागे घ्यायचंय.

बाईंनी विचारलं, तुम्ही ती लिफ्ट पाहिली होती का? नाही. कधी तिथे काम केलं होतं? नाही. मग हे कशावरून? मामा म्हणाले, फोटोवरून. बाईंनी कागद वाचून परत दिला. त्या म्हणाल्या, हा पुरावा नाही, त्यामुळे आमच्या फायलीत हा नाहीच. जे फायलीत नाही ते मागे कसं घेणार?

मामा कागद घेऊन बाहेर आले. मला वाटतं, फायलीत असता तर त्यांना बरं वाटलं असतं. निदान कुठल्यातरी कागदावर रेघ मारता आली असती.

पान्या नऊ दिवसांनी सुटला. कामावर घेतलं नाही. चौकशी सात महिने चालली आणि शेवटी काय निघालं ते सांगते. ती लाल वायर लॉकची नव्हती. शिक्षिकाबाईंना वर काढायला आलेल्या माणसांनी आत दिवा सोडला होता, त्या दिव्याची ती वायर. फोटो त्यानंतरचा होता. पाचव्या मजल्याच्या दाराच्या लॉकचा आकडा झिजलेला होता, म्हणून लिफ्ट नसतानाही दार उघडत होतं. पान्याने हे इमारतीच्या रजिस्टरात तीनदा लिहिलं होतं, नवीन लॉक मागवलं होतं, आणि तिसऱ्या वेळेला लिफ्ट बंद करून खाली पाटी लावून गेला होता. रुग्णांची ओरड झाली म्हणून व्यवस्थापकाने पाटी काढून लिफ्ट पुन्हा चालू केली. रजिस्टर हरवलं असं सगळे सांगत होते. पण प्रत्येक नोंदीची एक गुलाबी प्रत कंपनीत जाते, ती एका कपाटात सापडली. कंपनीला ती आधीपासून माहीत होती की नव्हती, यावर कोणी बोललं नाही.

पान्याचं नाव वगळलं गेलं. त्याची बातमी आतल्या पानावर, चार ओळींची. साइटवर तिच्याखाली तीनच मतं होती आणि त्यातली दोन जाहिराती होत्या.

मामांना वाटलं, आता त्याला तोंड दाखवता येईल. तो शहराबाहेर फळांच्या शीतगृहात कामाला लागल्याचं कळलं होतं. आम्ही दुपारी गेलो. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन, आणि पान्या कानटोपी नि जाड स्वेटर घालून दारातून आला. भुवयांवर दव होतं. आत पेट्या रचायचं काम, दर तासाला दहा मिनिटं बाहेर येऊन अंग गरम करायची सुट्टी. तेवढीच दहा मिनिटं त्याच्याकडे होती. त्याच्या खिशात काही नव्हतं.

मामा उभे होते. त्याने त्यांना भिंतीच्या सावलीतल्या रिकाम्या पेटीवर बसवलं, गुडघ्यांचं विचारलं, मामीचं विचारलं. मग मामा म्हणाले, ते मी लिहिलं होतं.

"माहिती आहे दादा," पान्या म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहिती आहे. हाकलला असता म्हणून लिहिलंत ना, तिथेच ओळखलं. कोठडीत मला ते वाचून दाखवत होते आणि मला तुमचा आवाज ऐकू येत होता."

मामा म्हणाले, "मला माहीत नव्हतं रे तो तू आहेस."

पान्याने कानटोपी काढून झटकली. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी साधेपणाने विचारलं.

"मी नसतो, दुसरा कोणी असता, तर चाललं असतं का?"

आतून कोणीतरी हाक मारली, दहा मिनिटं संपली होती. जाताना पान्या वाकून मामांच्या पाया पडला, आणि हे मला सगळ्यात अवघड गेलं. मामांनी आशीर्वादाला हात उचलला तो अर्ध्यावर राहिला. जाड रबरी पट्ट्यांच्या पडद्यातून पान्या आत गेला.

नंतर मी त्याच्या बायकोला दोनदा फोन केला. कामावर परत बोलावलं तरी तो गेला नाही. लिफ्टमध्ये पाऊलही टाकत नाही, मुलीला मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा तिला भेटायला नऊ मजले चालत गेला. पुढल्या वर्षी मुलीच्या नोकरीपाठोपाठ ते सगळे दुसऱ्या गावी निघून गेले. पत्ता आम्हाला कोणी दिला नाही, आणि मागायची हिंमत मामांना झाली नाही.

मामांनी त्यानंतर कशावरही मत दिलं नाही. फोन, मालिका, बातम्या, काही नाही. लोक सुरुवातीला विचारायचे, लिफ्टवाले काका कुठे गेले? मग विसरले. मामी मुद्दाम काहीतरी काढायची, हे नवीन यंत्र कसं वाटतं, या नटाने काय केलंय बघा. मामा म्हणायचे, मी पाहिलेलं नाही. घरातल्या साध्या गोष्टींवरसुद्धा तेच. एकदा माझ्यासमोर मामी चिडली. तुमच्या ताटातल्या भाजीत मीठ आहे की नाही तेवढं तरी सांगा, म्हणाली. त्यांनी सांगितलं नाही. हळूहळू तिनेही विचारणं सोडलं. आता घरात फक्त शिवणाच्या मशीनचा आवाज असतो.

एकच गोष्ट ते लिहीत राहिले. ते चित्र मेलेलं नाही. कुठेही, कुठल्याही देशात लिफ्टचा अपघात झाला की ते पुन्हा निघतं. लाल गोल, खाली मामांची वाक्यं, कधी जागा बदललेली, कधी मेलेल्या बाईंचं वय बदललेलं. एकदा तर बाईंच्या जागी लहान मूल होतं. मामांना ते दिसलं की ते खाली एका बोटाने टाइप करायचे: "हे मी लिहिलं होतं. मी ती लिफ्ट पाहिली नव्हती. मेकॅनिक निर्दोष होता." लोक हसरे चेहरे टाकायचे. एका साइटने एकच मजकूर पुन्हा पुन्हा टाकतो म्हणून त्यांचं खातं दोन आठवडे बंद केलं होतं. ते दोन आठवडे मामा नीट जेवले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांच्या मध्यभागी डाग धरला. असा डाग चष्म्याने जात नाही, हे मला माझ्या दुकानामुळे पहिल्या दिवशीच कळलं. कडेचं दिसतं, समोरची अक्षरं दिसत नाहीत. फोन आता उशाशी नुसता पडलेला असतो. मी दुपारी गेले की जेवायच्या आधी ते विचारतात, ते कुठे आलंय का गं?

या वर्षी पाच वेळा आलं. गेल्याच आठवड्यात माझ्या शेजारणीने मला पाठवलं, खाली हात जोडलेलं चिन्ह टाकून, लिफ्टमध्ये जपून जा म्हणून. मी काही उत्तर दिलं नाही. मामांच्या खात्यावरूनही काही लिहिलं नाही, लिहिता आलं असतं तरी.

"नाही मामा," मी सांगते, "कुठे नाही आलं."

ते मान हलवतात. मग मी त्यांच्या हाताला धरून त्यांना जेवायला नेते.